सिमेंटच्या गोण्या मोजल्या, मजूर कोण मोजणार?

पुण्यातून चांदणी चौक ओलांडला की बावधन लागते. मुळशी तालुक्यातील बावधन बुद्रुक काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होते. ३० जून २०२१ रोजी जी २३ गावे पुणे महापालिकेत घेतली गेली, त्यांत तेही आले. आज तेथे टेकडीच्या अंगाने उंच इमारती उभ्या आहेत आणि नव्या उभ्या राहत आहेत. यातील प्रत्येक मोठ्या प्रकल्पाची सरकारदरबारी नोंद आहे. किती मजले, किती चौरस मीटर, किती सदनिका, हे नकाशा मंजूर करतानाच मोजले जाते. २०१७ पासून महारेराकडे प्रकल्प नोंदवावा लागतो, तो सदनिका घेणाऱ्याच्या हितासाठी. ठीक आहे. पण त्याच इमारतीवर किती बिगारी राबले, किती गवंडी, किती सेंट्रिंगवाले, किती आयाबहिणींनी घमेली वाहिली, हे कोणी मोजले काय?

हा प्रश्न केवळ बावधनचा नाही. बांधकाम व्यवसायाचे उत्पन्न सरकार कसे मोजत आले, ते पाहावे. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरून देशाच्या उत्पन्नाचे जे आकडे अनेक वर्षे काढले गेले, त्यांत बांधकामाचे मूल्य मुख्यतः मालावरून ठरत असे. सिमेंट, पोलाद, विटा, लाकूड, फिटिंगचे सामान किती खपले, त्यावरून बांधकाम किती झाले याचा अंदाज. दर तीन महिन्यांच्या आकड्यांसाठी तर सिमेंटचे उत्पादन आणि पोलादाचा खप हेच मुख्य निर्देशक होते. म्हणजे गोणी कारखान्यातून निघाली की ती देशाच्या विकासात जमा झाली. ती गोणी पाठीवर घेऊन जिना चढणारा माणूस मात्र त्या हिशेबात नव्हता.

सरकार म्हणेल, आमच्याकडे इतर पाहण्या आहेत. आहेत खऱ्या. पण कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत बांधकामाची साइट येत नाही. २०२१-२२ पासून असंघटित उद्योगांची जी पाहणी सुरू झाली, तिच्यातून बांधकाम हे क्षेत्रच वगळले गेले. श्रम ब्युरोने २०२१ मध्ये सुरू केलेल्या तिमाही रोजगार पाहणीत बांधकाम घेतले, पण दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरते. बांधकामावर मुख्य ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याच्याखाली मुकादम आणि मुकादमाखाली पाच-सात जणांची टोळी असते. मग कागदावर दहा कामगार सापडतात कुणाकडे? घरोघर जाऊन होणारी श्रमबळ पाहणी मात्र सांगते की, २०२३-२४ मध्ये देशातील दर १०० कामकरी माणसांपैकी सुमारे १२ जण बांधकामावर होते. एवढा मोठा वर्ग कामाच्या जागी मोजला जात नाही, हा विसर की सोय?

सोयच म्हणावी लागेल. कारण मोजले की हक्क द्यावा लागतो. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर बसवला. तो मजुरांच्या कल्याणासाठी. महाराष्ट्राने नियम केले २००७ मध्ये आणि मंडळ उभे राहिले २०११ मध्ये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमूद झाले की, देशभर ३७,४०० कोटींहून अधिक उपकर जमा झाला आणि त्यातून मजुरांवर खर्च झाले सुमारे ९,५०० कोटी. पैसा मोजून घेतला, माणूस मोजला नाही, म्हणून पैसा पडून राहिला.

नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराकडे मागितला तर तो टाळतो, कारण दाखला ही कबुली आहे. हा माणूस माझ्याकडे कामाला होता असे एकदा लिहून दिले की अपघाताची भरपाईही त्याच्या दारात येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांची जागा कामगार संहितांनी घेतली. उपकर राहिला आणि ९० दिवसांची अटही राहिली.

न मोजण्याची किंमत कोण देतो, ते पुण्याने पाहिले आहे. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या शेडवर कोसळली आणि मुलांसह १५ जण गेले. २०२० च्या टाळेबंदीत नोंदीत बांधकाम कामगारांच्या खात्यावर राज्याने दोन हजार रुपये टाकले. ज्यांची नोंद नव्हती ते पायी निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत केंद्र सरकारने सांगितले की, वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती उपलब्ध नाही. ज्याची जिवंतपणी हजेरी नाही, त्याच्या मरणाची नोंद कुठून असणार?

बाबासाहेबांना आकड्यांचे मोल ठाऊक होते. १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी आकडेवारीच्याच आधारे प्रस्थापित मत खोडून काढले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, रेगे समिती नेमली गेली. मजुरांची कमाई किती, घरे कशी, राहणीमान कसे, याची देशव्यापी चौकशी तिने केली. आधी माणसाची स्थिती मोजा, मग धोरण करा, हा त्यामागचा विचार होता.

१९७२ च्या दुष्काळापासून मराठवाड्यातून पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर आलेल्यांत आपली माणसे किती होती, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. आता जातीसह जनगणना होणार असून तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक सोसायटीच्या फाटकातून आत जाईल. मागच्या पत्र्याच्या खोल्यांकडे तो वळेल काय? त्याला तेथे नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. आणि मागणी एकच असावी : बांधकामाच्या जागेवर मंजुरीचा फलक लागतो, तशीच त्या दिवशीची मजुरांची हजेरीही लावा. तीच ९० दिवसांचा दाखला माना. बावधनमधल्या इमारतीचा चौरस मीटर मोजता येतो, तर ती उभी करणारा माणूसही मोजता येतो. आपण मागितल्याशिवाय मात्र तो कोणी मोजणार नाही.