येलदरी : धरणाकाठची पत्र्याची घरं

जिंतूरहून सेनगावच्या रस्त्याला लागलं की येलदरीची ओळख धरणच करून देतं. त्याची माहिती आधी उरकून घेतो, कारण परभणीच्या वाचकाला ती पाठ आहे. पूर्णा नदीवरचं हे मातीचं धरण 1968 मध्ये पूर्ण झालं. लांबी चार किलोमीटरहून जास्त, उंची 51 मीटर, साठा 934 दशलक्ष घनमीटर. पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन वीजसंच आहेत. इथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात थांबतं आणि कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या रानात जातं. पावसाळ्यात धरण किती टक्के भरलं ते रोजच्या पेपरात छापून येतं.

मी गेलो होतो तो वाऱ्याची चौकशी करायला. पाण्याच्या बातम्या खूप झाल्या. दर उन्हाळ्यात ज्या वादळाने या पट्ट्यातल्या घरांवरचे पत्रे उडतात, त्याची बातमी चार ओळींत संपते आणि पुढे त्या घरांचं काय झालं ते कोणी विचारत नाही.

वैशाखातली दुपार इथे अशी असते. दिवसभर रान तापून निघतं, तिन्हीसांजेच्या आधी एका कोपऱ्यातून आभाळ काळं होतं, आणि पावसाआधी धूळ येते. उंच वाढलेल्या ढगातून गार, जड हवा खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे फाकते. ढगाची सोंड जमिनीला टेकवून फिरणारं खरं भोवऱ्याचं वादळ आपल्याकडे विरळा. 31 मार्च 2024 ला उत्तर बंगालमधल्या जलपाईगुडीत, मैनागुडीच्या भागात तसं वादळ आलं आणि माणसं दगावली. पण पत्रा उडायला सोंड लागतेच असं नाही. एका शेताचं काही होत नाही आणि बांधापलीकडच्या शेतातलं लिंबाचं झाड मुळासकट आडवं पडतं, इतका या वाऱ्याचा पट्टा अरुंद असतो. जुनी माणसं 2014 ची गारपीट अजून विसरलेली नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पुढे कित्येक दिवस ती मराठवाड्याला झोडपत होती आणि काढणीला आलेले गहू-हरभरा मातीत गेले.

गावात पत्रे बसवणारे एक मिस्त्री भेटले. जातिवंत सुतार, साठी केव्हाच ओलांडलेली. वादळ होऊन गेलं की त्यांना आठ-आठ दिवस उसंत नसते. वाकलेला पत्रा सपाट दगडावर पालथा घालून ते लाकडी मोगरीने ठोकत होते. लोखंडी हातोड्याने पत्रा ताणला जातो आणि मग तो जागेवर बसत नाही, म्हणून लाकूडच. जुनी भोकं डांबराने बुजवायची, नवी भोकं पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायची, खोलगटात नाही, नाहीतर पावसाळ्यात घर गळतं. हुकाखाली वायसर घालताना त्यांचा हात इतका हलका होता की मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

‘‘मामा, पत्रा उडतो कसा?’’ मी विचारलं.

‘‘लोकाला वाटतं वारा वरून येतो. वरून न्हाई, साहेब. वळचणीतून आत शिरतो अन् खालून उचलतो. पहिला कोपरा सुटतो. कोपरा गेला की सगळं पाखं गेलं.’’

वाऱ्याचं शास्त्र हेच सांगतं. छपरावरून वेगाने वाहणारी हवा पत्र्याला वर ओढते, वळचणीतून शिरलेली हवा खालून ढकलते, आणि ही ओढ कडांना व कोपऱ्यांना सर्वांत जास्त असते. म्हणून मिस्त्री कडेला दुप्पट हूक लावतात, वळचणीची फट विटांनी बुजवतात आणि अँगल भिंतीत खोलवर गाडून घ्यायला सांगतात. पण हूक आणि सिमेंटला पैसा लागतो. मग लोक पत्र्यावर दगड ठेवतात.

हे मिस्त्री मूळचे माळवदाचे कारागीर. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, आणि वारा कितीही सुटो, छप्पर जागचं हलत नाही. त्या घराबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलला. मलाही माझ्या आजोळचं माळवद आठवलं. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड छपरं आणि दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची भीती बसली, लाकूडही महागलं, आणि हलका पत्रा घरोघर आला. शेजारच्या हिंगोलीत 21 मार्च आणि 10 जुलै 2024 ला साडेचार रिश्टरचे धक्के बसले, तेव्हा ती भीती पुन्हा जागी झाली. भूकंपाला हलकं छप्पर बरं आणि वाऱ्याला जड, या कात्रीत इथलं गरीब घर सापडलं आहे. स्लॅब हे त्यावरचं उत्तर, पण ते सगळ्यांच्या ऐपतीतलं नाही.

वादळानंतर तलाठी येतात, पंचनामा होतो. 2022 पासूनच्या निकषांनुसार अंशतः पडलेल्या कच्च्या घराला 4 हजार, पक्क्या घराला साडेसहा हजार रुपये. तेवढ्यात पत्रे, अँगल, हूक आणि मजुरी काही निघत नाही. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, गारपीट आहे. गावावरून दहा मिनिटांत निघून जाणाऱ्या या वादळाला स्वतंत्र जागा नाही. राज्याच्या महावेध प्रकल्पाचं हवामान केंद्र महसूल मंडळाला एक. वादळाचा पट्टा दोन केंद्रांच्या मधून गेला, तर वारा किती होता याची कुठेच नोंद राहत नाही. धरणातल्या पाण्याची पातळी जिथे रोज लिहिली जाते, तिथे वाऱ्यासाठी एक वेगमापक बसवणं जड जाऊ नये. वादळाने विजेचे खांब पडले की वीज तयार करणाऱ्या या गावाशेजारच्या वस्त्या अंधारात राहतात, उकडून वाळत घातलेली हळद भिजते, आणि गिरणी बंद म्हणून भाकरीचीही अडचण होते.

घरकुलाच्या रकमेत छपराच्या पक्क्या बांधणीसाठी वेगळा पैसा द्यायला हवा, आणि मिस्त्रींसारख्या माणसाकडून गावातल्या दोन-चार पोरांनी हे काम शिकून घ्यायला हवं. त्यांच्या हाताखाली सध्या कोणी नाही. तोवर पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी एवढं करावं : चैत्र सरायच्या आत कडेचे हूक तपासून घ्यावेत, वळचणीची फट बुजवावी, आणि पत्र्यावरचे दगड खाली उतरवावेत. पत्रा उडाला की ते दगड घरातल्याच माणसांवर पडतात.