जुन्या मोटारीच्या दाराचे अस्तर : आधी पाण्याची वाट, मग रेक्झिन

जुन्या ब्रिटिश मोटारीला मूळ रूप परत मिळवून देताना इंजिन, रंग आणि क्रोम यांवर मालक सढळ हाताने खर्च करतो. दाराच्या आतल्या बाजूचे अस्तर मात्र अगदी शेवटी, कुशनवाल्याच्या सवडीने उरकले जाते. नव्या अस्तरामुळे गाडी दोन-चार महिने देखणी दिसते. मग पहिला पावसाळा येतो. खालच्या कडेचा पुठ्ठा फुगतो, रेक्झिनला सुरकुत्या पडतात, गाडीत कुबट वास येऊ लागतो. अस्तर उचकटून पाहिले तर दाराच्या तळाचा पत्रा गंजलेला आढळतो. यात कुशनवाल्याचा हात वाईट होता असे सहसा नसते. दार कसे काम करते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

एमजी किंवा ट्रायम्फची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार खानदेशात विरळाच. पण त्या घराण्यातली एक गाडी भारतात सर्वपरिचित होती, ती म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीने १९६१ पासून ती बांधली. मूळची ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. तिचे रेखाटन इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांचे. याच हेरल्डची चासी आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार तयार झाली आणि तिचेही रेखाटन मिकेलोत्ती यांनीच केले. त्यामुळे हेरल्डच्या दारावर हात बसलेल्या कारागिराला स्पिटफायरचे दार परके वाटत नाही. धरणगाव, एरंडोल, अमळनेर अशा गावांत ट्रॅक्टर, जीप आणि रिक्षांच्या बैठका शिवणाऱ्यांकडे या कामाला लागणारी शिलाई आणि चिकटवणी आहेच. उणीव असते ती एका माहितीची.

ती माहिती अशी, की मोटारीचे दार आतून कोरडे नसते आणि तसे ते असावे अशी अपेक्षाही नसते. काच जिथून दारात उतरते तिथली रबरी पट्टी काचेला केवळ चाटून असते. पावसाचे पाणी काचेवरून ओघळून पट्टीच्या फटीतून दाराच्या पोकळीत जातेच. नव्या गाडीतही जाते. ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोके ठेवलेली असतात. म्हणजे दार हा पत्र्याचा एक डबा आहे, ज्यात वरून पाणी येते आणि खालून निघून जाते. अस्तर हे या ओल्या डब्याचे आतले झाकण. त्यामागे पाणी अडवणारा पडदा नसेल, तर कितीही उंची रेक्झिन लावा, मागचा पुठ्ठा पाणी पिणारच.

त्याआधीच्या एमजीए या गाडीची (१९५५ ते १९६२) गोष्ट आणखी वेगळी. तिच्या उघड्या आवृत्तीच्या दारात वर-खाली होणारी काचच नव्हती, वरून पडदेवजा चौकट अडकवायची. बाहेरून मूठही नव्हती. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडे. अशा गाडीत पाऊस सरळ अस्तरावरच येतो, त्यामुळे तिथे पुठ्ठ्याच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजू जपाव्या लागतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जुने अस्तर काढताना पहिला अडथळा येतो तो काच फिरवण्याच्या हँडलचा. ट्रायम्फच्या हँडलवर स्क्रू शोधत बसू नये, तो नसतो. हँडलमागची गोल चकती स्प्रिंगच्या जोरावर पुढे आलेली असते. ती आत दाबली की हँडलच्या दांड्यातून आरपार गेलेली बारीक पिन दिसते. ती बारीक पंचाने ढकलून काढायची. एमजीबीमध्ये मात्र हँडल मधल्या स्क्रूवर असते. हा फरक माहीत नसल्याने कित्येक हँडले पान्ह्याने ओढून मोडलेली आहेत. पुठ्ठा कडेने स्प्रिंगच्या क्लिपांवर बसवलेला असतो. पुट्टी भरायची रुंद पाती क्लिपेच्या अगदी लगत सरकवून एकेक क्लिप सोडवावी. मधेच हात घालून ओढले तर क्लिप पत्र्यात राहते आणि पुठ्ठ्याचा तुकडा हातात येतो.

काढलेला पुठ्ठा कितीही कुजका असो, फेकू नये. नव्याचा नमुना तोच आहे. पण त्यावर आंधळा विश्वासही ठेवू नये, कारण पन्नास वर्षांत तो फुगलेला आणि वाकलेला असतो. नमुना कापून दारावर धरून पाहावा, क्लिपांची भोके पत्र्यातल्या भोकांशी जुळवावीत आणि मगच हार्डबोर्ड कापावा. इंग्लंडहून तयार अस्तरांचे संच मिळतात. त्यांनाही हाच नियम लावावा. त्या काळच्या गाड्यांची दारे कारखान्यात माणसांनी हाताने जुळवून बसवली होती, त्यामुळे दोन दारांची मापे तंतोतंत सारखी नसतात.

अस्तर निघाले की दार उघडे पडते. हीच दुरुस्तीची वेळ. तळाची भोके बहुधा जुना रंग, माती आणि पाचोळा यांनी बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करावीत. गंज खरवडून गंजरोधक रंग द्यावा आणि शक्य असल्यास सांध्यांत मेणयुक्त लेप सोडावा, मात्र त्या लेपाने भोके पुन्हा बुजू देऊ नयेत. काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला ग्रीस द्यावे, कुलूप दहा वेळा लावून-उघडून पाहावे. अस्तर बसल्यावर काच अडकते असे कळले, तर सगळे काम पुन्हा उसवावे लागते.

मग येतो तो पाण्याचा पडदा. जाड पॉलिथिनचा कागद पत्र्याच्या सर्व उघड्या खिडक्यांवर न सुकणाऱ्या चिकट पट्टीने बसवायचा. जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागांमुळे आणि ठिबकमुळे शेतीसाठीचे प्लॅस्टिक कोणत्याही कृषी दुकानात मिळते, तेव्हा या वस्तूसाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही. महत्त्वाचा बारकावा एकच आहे. कागदाची खालची कड पत्र्याच्या बाहेर लोंबत ठेवायची नाही. ती तळच्या फटीतून दाराच्या पोकळीत, आतल्या बाजूला सोडायची. तसे केले तर कागदावरून ओघळलेले पाणी पुन्हा पोकळीत पडते आणि भोकांतून निघून जाते. कड बाहेर राहिली तर तेच पाणी अस्तराच्या मागे साचते. सगळे काम याच एका कडेवर अवलंबून आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

हार्डबोर्ड तीन मिलिमीटरचा पुरतो. प्लायवूड टिकाऊ म्हणून जाड घेतले, तर क्लिपा पोचत नाहीत आणि मग कारागीर पत्र्यात नवे स्क्रू मारतो. तिथूनच नवा गंज सुरू होतो. बोर्ड चार दिवस त्याच जागी, त्याच हवेत ठेवून द्यावा आणि नंतर दोन्ही बाजूंना, विशेषतः कापलेल्या कडा आणि भोकांना, व्हार्निशचे दोन हात द्यावेत. पाणी कडेतून शिरते, पृष्ठभागातून कमी.

धरणगाव ही कापसाची पेठ असल्याने गादीवाल्याचा हात भरणासाठी सहज कापसाकडे जातो. दाराच्या अस्तरात कापूस नको. तो ओल धरून ठेवतो आणि लवकर सोडत नाही. पातळ, बंद छिद्रांचा फोम घ्यावा, तोही मूळ गाडीत भरण असेल तरच. गुबगुबीत अस्तराने हँडल घासते आणि गाडी लग्नाच्या बग्गीसारखी दिसू लागते.

चिकटवणीची खरी परीक्षा आपल्या उन्हाळ्यात होते. जळगाव परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीच्या आत तो त्याहून खूप वर असतो. पंक्चरवाल्याचे साधे 'सुलोचन' त्या उष्णतेत मऊ पडते आणि रेक्झिन सरकते. उष्णता सोसणारे चिकटद्रव्यच घ्यावे. ते दोन्ही पृष्ठभागांवर लावून, हाताला चिकटेनासे झाल्यावर जोडायचे असते. उन्हाळ्यात ते काही मिनिटांत सुकते, म्हणून एका वेळी थोडाच भाग घ्यावा. भर पावसाळ्यात हे काम टाळलेले बरे, कारण द्रव्य उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि जोड कच्चा राहतो. रेक्झिन आधी थोडा वेळ उन्हात तापवले की कोपऱ्यांवर छान वळते. कडेला साधारण दोन सेंटिमीटर घडी ठेवून कोपऱ्यात त्रिकोणी काप द्यावेत, नाहीतर घड्यांचा थर जाड होऊन पुठ्ठा दारापासून उचललेला राहतो.

हँडलसाठी गोल भोक कापण्याची घाई करू नये. अस्तर जागेवर धरून रेक्झिनखालचा दांडा बोटाने चाचपावा आणि तिथे लहानसा फुलीचा काप द्यावा. वाढवता नंतरही येतो. क्लिपा तळहाताने दाबून बसवाव्यात. क्लिप जात नसेल तर ती भोकासमोर नाही असा अर्थ. हातोडीची गरज नाही. काच पूर्ण वर असताना दोन्ही दारांची हँडले एकाच कोनात बसवली, तर काम जाणत्या हाताचे दिसते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन यांतील मोठ्या फेरफारांना मज्जाव आहे; अस्तर ही त्यामानाने क्षुल्लक बाब. तरीही स्पीकर बसवण्यासाठी जुन्या दाराचा पत्रा कापण्यापूर्वी मालकाने दोनदा विचार करावा. रेक्झिन पुन्हा बदलता येते, कापलेला पत्रा मूळचा होत नाही.

अस्तर बसल्यानंतर गाडी लगेच घरी नेऊ नये. काच वर करून तिच्यावर पाच-दहा मिनिटे नळीने पाणी सोडावे आणि दाराखाली पाहावे. तळाच्या भोकांतून धार किंवा थेंब पडू लागले पाहिजेत. मग अस्तराच्या खालच्या कडेवरून आतून कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला किंवा दाराखाली पाणीच आले नाही, तर क्लिपा पुन्हा सोडवून पॉलिथिनची खालची कड तपासावी.