विहिरीतले पोहणे समुद्रात पुरत नाही

सुट्ट्या लागल्या की आपल्या सोलापूरची मंडळी गाड्या करून गणपतीपुळे, तारकर्ली, गोवा गाठतात. गेल्या वर्षी अशाच सहलीहून परतलेला एक तरुण ताप आणि खोकला घेऊन दवाखान्यात आला. चार दिवसांपूर्वी तो समुद्रात बुडता बुडता वाचला होता. "डॉक्टर, लहानपणापासून विहिरीत सूर मारतोय. कमरेइतक्या पाण्यात होतो, तरी आत ओढला गेलो," असे तो सांगत होता.

तो नशीबवान म्हणायचा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले.

विहिरीचे पाणी स्थिर असते, समुद्राचे नसते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत आत जाते. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहू नये. पट्टीचा पोहणाराही दमतो. घाबरून न जाता तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी. जमेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे आणि मग तिरके किनाऱ्याकडे यावे.

पाण्यात उतरण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळी बांधवांना किंवा जीवरक्षकांना विचारावी. ओहोटीच्या वेळी, अंधारात, पावसाळ्यात किंवा मद्य घेऊन समुद्रात जाऊ नये. मुलांना हाताच्या अंतरावर ठेवावे. बोटीत बसताना आणि वॉटर स्पोर्ट्सच्या वेळी लाइफ जॅकेट सर्व पट्टे आवळूनच घालावे. दम्याच्या, फिट्सच्या व हृदयविकाराच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी घेऊ नये. दोर, ट्यूब, रिकामा बंद कॅन, जे तरंगेल ते फेकावे. बाहेर काढलेल्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती घातक आहे. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले पाणी, अन्न फुफ्फुसात शिरू शकते. श्वास बंद असल्यास उताणे झोपवावे, हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच वेळा श्वास द्यावा. प्रतिसाद नसल्यास छातीच्या मध्यभागी ३० दाब, मग २ श्वास, असे चालू ठेवावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

बुडता वाचलेला माणूस हसत-बोलत असला तरी खोकला, धाप किंवा गुंगी असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आमच्या तरुणाने चार दिवस अंगावर काढले आणि त्याला न्युमोनिया झाला. तो आता बरा आहे. यंदाही तो कोकणात जाणार आहे. मात्र समुद्रात उतरण्याआधी ओहोटीची वेळ विचारीन, असे कबूल करून गेला आहे.