निर्माल्याची गाठ

पूजाविधीत 'विसर्जन' या शब्दाचा अर्थ देवतेला सन्मानाने निरोप देणे असा आहे. फेकून देणे असा नव्हे. पार्थिव गणपतीची उत्तरपूजा करून, अक्षता वाहून, मूर्ती जागची किंचित हलवून आपण निरोप देतो तो याच भावनेने. आणि त्याच देवाच्या मस्तकावरची फुले व दूर्वा मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, वर पक्की गाठ मारून, खाडीत भिरकावतो! देवाला मोकळे करावयाचे आणि फुलांना कोंडावयाचे, ही कोठली रीत?

हे आम्ही कोणास दूषण देण्यासाठी लिहीत नाही. आम्ही त्र्यंबकेश्वरी राहणारे. गोदामाईच्या उगमापाशी वाढलेल्या माणसाचा वाहत्या पाण्यावर भरवसा फार. काही वर्षांपूर्वी विरारचे कीर्तन आटोपून लोकलने भाईंदरला येत असता, यजमानीणबाईंनी हाती दिलेली निर्माल्याची पिशवी आम्हीही खाडीच्या पुलावरून सोडली होती, आणि वर हात जोडले होते. खाली पाणजू बेट आहे, तेथील माणसे पुलावरून पायी ये-जा करतात, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये धावत्या गाडीतून कोणी फेकलेला नारळ लागून तेथील एक तरुण मृत्युमुखी पडल्याचे वाचले, तेव्हा आम्ही पोथी मिटून बराच वेळ तसेच बसून राहिलो.

फुले पाण्यात कुजतात; पिशवी कुजत नाही. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे एक मुख. ओहोटीबरोबर पिशवी समुद्रात जाते, भरतीबरोबर परत येते आणि खारफुटीच्या मुळांत अडकते. उत्तनचे कोळीबांधव प्रवाहात डोल जाळी लावतात. पाण्याबरोबर जे येईल ते त्या जाळ्यात शिरते, म्हणून बोंबलांबरोबर प्लास्टिकही वर येते आणि ते निवडण्यात वेळ जातो. उन्हाने त्या प्लास्टिकचे बारीक तुकडे होतात व मासे ते गिळतात.

हा कचरा उचलण्यास तरुण पुढे आले आहेत. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ॲडव्होकेट अफरोज शाह यांनी २०१५ साली सफाई आरंभिली; २०१८ मध्ये त्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिले दिसली. मीरा-भाईंदरात 'फॉर फ्यूचर इंडिया' या संस्थेची तरुण मंडळी उत्तनच्या वेलंकनी किनाऱ्यावर व खारफुटीत उतरतात. अशा मुलांपाशी उत्साह असतो. परंतु गोण्या, हातमोजे, टेम्पोचे भाडे हे उत्साहातून निघत नाही.

भाईंदरला आम्ही उतरतो त्या घराजवळ पूजासाहित्याचे एक लहानसे दुकान आहे. दहा फुटांचा गाळा. उदबत्ती, कापूर, जानवी, समया. भाद्रपदात या दुकानाची खरी कमाई असे ती थर्मोकोलच्या मखरांवर. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिक व थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा दुकानदाराने मखरे विकणे सोडले. चोरून विकणारे होतेच. हा त्यांत गेला नाही. पुढे त्याने पूजेचे सामान कागदी पुड्यांत व कापडी पिशव्यांत देण्यास प्रारंभ केला. पेठेतील किनारा साफ करणारी मुले त्याच्याकडे गोण्या मागावयास आली, तेव्हा गोण्या तर दिल्याच, वर रविवारच्या टेम्पोचे भाडेही आपल्या अंगावर घेतले. गणेशोत्सवात दुकानापुढे तो निर्माल्याचे पिंप ठेवतो. मुले सायंकाळी दोरे, चमकी, उदबत्तीची वेष्टने वेगळी काढतात आणि फुलांचे खत करतात.

येथेच घोटाळा झाला. पेठेतील काही वडीलधाऱ्या मंडळींना हे रुचले नाही. देवाच्या फुलांचे खत? ती पायदळी गेली तर पाप कोणाच्या माथी? गिऱ्हाइके शेजारच्या दुकानी वळू लागली. बिचारा आमच्या कीर्तनानंतर बुक्का लावून घेण्यास वाकला आणि हळूच म्हणाला, "बुवा, शास्त्रात असे करू नये असे असेल तर सांगा. आजच पिंप काढतो. मुलांना काय सांगायचे ते पाहीन."

आम्ही त्यास दुसऱ्या दिवशी उत्तर देतो म्हणालो. रात्री विचार केला. संस्कृत कोशांत 'निर्माल्य' शब्दाचा एक अर्थ निर्मळपणा असाही दिलेला आहे. देवास वाहिलेले पायाखाली येऊ नये, हा संकेत खरा. पण किनाऱ्यावर पिशव्या फुटून तीच फुले कुत्र्यामांजरांच्या पायी जातात, ते कोणास चालते? तुळशीवृंदावनाच्या मातीत मिसळलेले फूल पायदळी जात नाही. आता ज्यांची श्रद्धा वाहत्या पाण्यावर आहे, त्यांनी चार फुले सुटी सोडावीत, असे म्हणण्याचा मोह आम्हास झाला. परंतु एका घराची चार फुले म्हणजे शहराची किती, हे मनात येताच तो विचार सोडला.

दुसऱ्या दिवशीच्या पूर्वरंगात आम्ही निरूपणास हाच विषय घेतला, आणि पुलावरची आमची पिशवीही सांगितली. सभेत थोडी कुजबुज झाली. एक आजोबा मध्येच उठून गेले. ते रागावून गेले असे आम्हास वाटले. आरतीस ते परतले. घरून पाच दिवसांचे निर्माल्य आणले होते, तेही प्लास्टिकच्याच पिशवीत. पिंपापाशी उभे राहून त्यांनी ती गाठ सोडली, फुले आत ओतली आणि रिकामी पिशवी दुकानदाराच्या हाती देत विचारले, "आता हिचे काय करायचे?"