बाबांच्या ट्रंकेतला समुद्र

पवनारहून कुठलाही समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटर जावं लागतं. तरी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या घरात नौदलाची जुनी ट्रंक सापडू शकते. ज्यांची ती होती, ते बाबा किंवा आजोबा आता नसतात. घरात एवढंच माहीत असतं, "ते लढाईत कोस्ट गार्डमध्ये होते." तुमच्याही घरी असंच असेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

लढाई १९७१ ची असेल, तर तेव्हा कोस्ट गार्ड नव्हतंच. तटरक्षक दल सुरू झालं फेब्रुवारी १९७७ मध्ये, कायदा आला १९७८ मध्ये. १९७१ ला समुद्र सांभाळला तो नौदलाने. मग घरची आठवण खोटी? तसं नाही. या दलाची सुरुवातीची जहाजं आणि माणसं नौदलातूनच आली. घरच्यांच्या बोलण्यात दोन्ही एक होणारच!

आता पदकं बघा. 'पूर्वी स्टार' असेल तर सेवा पूर्व आघाडीवरची, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेची.

पूर्वेला, बंगालच्या उपसागरात, आपल्या नौदलाने पूर्व पाकिस्तानची सागरी नाकेबंदी केली होती. 'विक्रांत'वरची विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करत होती. 'कामोर्टा' या युद्धनौकेचे कप्तान होते मनोहर आवटी. त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे व्हाइस ॲडमिरल होऊन निवृत्त झालेला हा दर्यावर्दी राहायला गेला तो सातारा जिल्ह्यातल्या विंचुर्णीला, समुद्रापासून लांब. आणि आपल्या धामचं पाणी? वणा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत ते त्याच बंगालच्या उपसागराला मिळतं.

पश्चिमेला, ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. म्हणून त्या दिवशी नौदल दिन असतो. पण ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'खुखरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. वाचलेल्यांनी त्या रात्री काय पाहिलं, हे आज आपल्याला वाचता येतं, कारण मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी त्यांना विचारलं आणि पुस्तक लिहिलं. आपल्या घरातल्या माणसाचं कोण लिहिणार?

१९७१ ला विशीत असलेले आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचे सोबती, आपली आई, आजी, काका अजून सांगू शकतात. फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि साधं विचारा. जहाजाचं नाव काय होतं? पत्र किती दिवसांनी यायचं? ते नसताना शेती कोणी बघितली? रेडिओवर बातम्या लागल्या की घरात काय व्हायचं? सेवेची कागदपत्रं सापडली, तर त्यांवरचा सेवा क्रमांक घेऊन वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

कुणी म्हणेल, पवनारात लढाईच्या आठवणी कशाला? याच गावात १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. बरोबर आहे. पण बाबांची आठवण काढणं म्हणजे लढाईचे गोडवे गाणं नव्हे. लढाई घराला काय मागते, हे पत्राची वाट बघणाऱ्या आईइतकं कोणाला ठाऊक असणार? ते तिच्या तोंडून ऐकून ठेवा. तेही युद्धाबद्दलचंच शिक्षण आहे.