बँकेतली ठेव: अमानत की कर्ज?

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी शाळेतून घरी आले, तर आमच्या गल्लीतल्या खाला ओट्यावर वाट पाहत बसलेल्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पासबुक आणि चेकची झेरॉक्स. नारायणगावकडची त्यांच्या माहेरची जमीन विकली गेली होती आणि भावांनी बहिणीचा हिस्सा तिने तोंड उघडायच्या आत तिच्या खात्यात टाकला होता. चौदा लाख रुपये. (असे भाऊ आपल्या जुन्नर-आंबेगावात किती असतील, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) खालांना दोन वर्षांनी हजला जायचे आहे आणि धाकट्या मुलीच्या फार्मसीची फी भरायची आहे. तोवर हा पैसा कुठे ठेवायचा?

"बेटी, डूबना भी नहीं, और ब्याज भी नहीं खाना," त्या म्हणाल्या. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने त्यांना फोनवर सांगितले होते, "खाला, ट्रेझरी बिल घ्या. सरकारची हमी आहे, बँक बुडाली तरी काही होत नाही आणि त्यात व्याज हा प्रकारच नसतो."

भाच्याचे पहिले म्हणणे बरोबर आहे. शेवटच्या म्हणण्याकडे मी पुढे येते.

आधी माझ्या घरचे सांगते, कारण या प्रश्नात मी त्रयस्थ नाही. माझ्या अम्मीने शिलाईच्या पैशातून आणि दोन म्हशींच्या दुधातून एक लाख ऐंशी हजार जमवले होते. ते तिने तालुक्यातल्या एका पतसंस्थेत ठेवले. संचालक ओळखीचे, शाखा बाजारपेठेत, पाटीवर मोठी अक्षरे. अम्मी आणि आम्ही सगळेच तिला 'बँक' म्हणायचो. एक दिवस काउंटरवरच्या मुलाने सांगितले, "पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग शटर खाली आले. सात वर्षांत हप्त्याहप्त्याने बासष्ट हजार हाती लागले. अम्मी गेली तेव्हा तिच्या उशाखालच्या पाकिटात ठेवपावती होती. मी बी.एड. झालेली, शाळेत मराठी शिकवणारी बाई, पण त्या पावतीवरची बारीक अक्षरे मी तोवर एकदाही वाचली नव्हती.

पतसंस्था ही बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था असते. तिच्यावर सहकार खात्याच्या निबंधकांची देखरेख असते, रिझर्व्ह बँकेची नाही. बँकेतल्या ठेवींना जो विमा असतो तो पतसंस्थेतल्या ठेवीला मिळत नाही. मंचर, घोडेगाव, ओतूर, आळेफाटा, कुठल्याही बाजारपेठेत उभे राहून पाट्या मोजा. कितीतरी पतसंस्था दिसतील, त्यातल्या चांगल्या चाललेल्याही पुष्कळ. टोमॅटोच्या, बटाट्याच्या, दुधाच्या पैशाला त्याच जवळच्या वाटतात. तिथे कर्ज लवकर मिळते आणि माणसे ओळखीची असतात. पण ओळख ही हमी नसते.

मग खरी बँक तरी सुरक्षित आहे का? आपल्याच राज्यातली दोन उदाहरणे घेऊ.

पुण्याची रुपी को-ऑपरेटिव्ह बँक १९१२ सालची. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. लोकांना वाटले, सहा महिन्यांत सुटेल. ऑगस्ट २०२२ मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला आणि २२ सप्टेंबरपासून बँक बंद झाली. मधली नऊ वर्षे ठेवीदारांनी अर्जांत, मोर्चांत आणि वाट पाहण्यात घालवली. नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळू शकते, असे परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले. ते खरेच, पण कोणाच्या मुलीचे लग्न आणि कोणाचे ऑपरेशन नऊ वर्षे थांबून राहत नाही.

दुसरे उदाहरण पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसीचे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले. खात्यात कितीही असो, सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. चौकशीत बाहेर आले ते असे: बँकेने एकाच बांधकाम समूहाला सहा हजार कोटींहून अधिक कर्ज दिले होते आणि ते लपवण्यासाठी हजारो खोटी खाती दाखवली होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून मिळाली. त्यावरच्या रकमेसाठी सामान्य ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंतचे टप्पे लावले गेले. अगदी अलीकडे, १३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवरही असेच निर्बंध आले. तिथे तर तिजोरीतलेच १२२ कोटी नाहीसे झाल्याचे प्रकरण होते.

खालांना मी हे सांगितले तेव्हा त्या चिडून म्हणाल्या, "पण पैसा माझा आहे ना? मी त्यांच्याकडे अमानत ठेवली आहे!"

इथेच आपली सगळ्यांची चूक होते. बँकेतली ठेव ही अमानत नसते. अमानत म्हणजे तुमची वस्तू जशीच्या तशी राखून परत करायची. बँक तुमचा पैसा वापरते, दुसऱ्याला कर्ज देते. कायद्याच्या भाषेत तुम्ही सावकार आणि बँक तुमची कर्जदार. आपल्याकडे हा फरक चौदाशे वर्षांपूर्वी ओळखलेला आहे. हजरत जुबैर (रजि.) यांच्याकडे लोक पैसा राखायला आणत, तेव्हा ते अमानत म्हणून घ्यायला नकार देत आणि कर्ज म्हणून स्वीकारत. अमानत नकळत हरवली तर राखणाऱ्यावर भरपाई येत नाही, कर्ज मात्र फेडावेच लागते. म्हणजे हा ठेवीदाराच्या भल्याचा विचार होता. त्यांच्या निधनानंतर अशा कर्जांची बेरीज बावीस लाख निघाली. मुलगा हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांनी जमीन विकून ते फेडले आणि चार वर्षे हजच्या दिवसांत पुकारा केला की, ज्यांचे देणे असेल त्यांनी यावे. बुखारी शरीफमध्ये ही हकीकत आहे. कर्ज देणाऱ्याने काय पाहायचे ते त्यातच आहे: घेणाऱ्याच्या मागे जमीन किती आणि वारस कसे.

बँकेच्या बाबतीत ही 'मागची जमीन' म्हणजे ठेव विमा महामंडळ, डीआयसीजीसी. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरून, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. जुन्नर शाखेत चार आणि मंचर शाखेत चार ठेवले तरी विमा पाचचाच. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता निर्बंध आले की नव्वद दिवसांत ही रक्कम मिळायला हवी, रुपीसारखी नऊ वर्षे नव्हे. मोठ्या सरकारी बँकेमागे सरकार उभे असते असे आपण धरून चालतो, पण विमा तिथेही पाचच लाखांचा. आणि शाखेत विचारायला लाजू नका: "तुमची बँक डीआयसीजीसीत आहे का?" उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पिशवी घेऊन खाली उतरा.

आता ट्रेझरी बिल. आपल्या आजोबांना हुंडी माहीत होती. ही केंद्र सरकारची हुंडी आहे. हिंदुस्थानात ती पहिल्यांदा १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात निघाली. मुदत तीनच प्रकारची: ९१, १८२ किंवा ३६४ दिवस. रिझर्व्ह बँक दर आठवड्याला, सहसा बुधवारी, तिचा लिलाव करते. कमीत कमी दहा हजारांची घ्यायची, पुढे दहा हजारांच्या पटीत. समजा दर साडेपाच टक्के ठरला, तर ९१ दिवसांची दहा हजारांची हुंडी साधारण ९,८६५ रुपयांना मिळेल आणि मुदत संपली की सरकार पूर्ण दहा हजार देईल. पूर्वी हा बँकांचा आणि बड्या कंपन्यांचा खेळ होता. १२ नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' योजनेत सामान्य माणसाला घरबसल्या खाते उघडता येते. पॅन, आधार, बचत खाते, मोबाइल आणि ईमेल लागतो. खाते उघडायला फी नाही. त्यामुळे "मी काढून देतो, दोन हजार द्या" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

सुरक्षिततेपुरते बोलायचे तर यापेक्षा भक्कम कर्जदार देशात नाही. पाच लाखांची मर्यादाही इथे नाही. ज्यांच्याकडे वीस-तीस लाख आहेत आणि जे बँकेच्या मुदत ठेवीत सगळे एका जागी ठेवून बसले आहेत, त्यांनी याचा विचार जरूर करावा. पण दोन गोष्टी भाच्याने सांगितल्या नव्हत्या. पैसा जातो बचत खात्यातून आणि मुदतीनंतर येतोही बचत खात्यातच, म्हणजे शेवटी बँक लागतेच. दुसरे, सगळा व्यवहार मोबाइलवर. खालांकडे बटणांचा फोन आहे. खाते उघडले असते तर नंबर आणि ईमेल भाच्याचा, ओटीपी भाच्याला. बँकेवर भरवसा ठेवायचा की नाही हा प्रश्न सुटला असता आणि भाच्यावर ठेवायचा की नाही हा नवा उभा राहिला असता. भाचा गुणी आहे. माझ्या अम्मीच्या पतसंस्थेतला तो काउंटरवरचा मुलगाही गुणीच होता.

आता "त्यात व्याज नसते" याबद्दल. कागदावर व्याज हा शब्द नसतो, हे खरे. त्याला सवलत म्हणतात. पण ९,८६५ दिले आणि ठरल्या दिवशी, ठरल्याप्रमाणे १०,००० घेतले. यात व्यापार झाला नाही, नफा-तोट्याची भागी झाली नाही. कर्जावर ठरलेली वाढ घेतली. मी मौलानांना विचारले तेव्हा त्यांनी हेच सांगितले आणि बहुसंख्य आलिमांचे मत तेच आहे. जिद्दाच्या फिकह अकादमीने १९८५ मध्ये बँकेच्या व्याजाला रिबा ठरवले. वेगळे मतही आहे: १९८९ मध्ये इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरचा परतावा जायज म्हटला होता आणि त्यावर मोठा वाद झाला. कोणी कोणाचे मत मानावे हे मी सांगणार नाही. मला एवढेच दिसते की, जो मुदत ठेवीचे व्याज घेत नाही, त्याला ट्रेझरी बिल नावाची पळवाट नाही. आणि जो मुदत ठेव ठेवतोच, त्याला ट्रेझरी बिलाचा वेगळा गुन्हा नाही.

पैसा बुडेल का आणि पैसा हलाल आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. भाच्याने सरकारी हमीतून हलालचा निष्कर्ष काढला. याच्या उलटी चूक आपल्या समाजाला फार महागात पडली आहे. बंगळूरच्या आयएमए या कंपनीत हजारो मुस्लिम कुटुंबांनी 'हलाल नफा' म्हणून पैसे टाकले. बायकांनी दागिने मोडून टाकले. जून २०१९ मध्ये कंपनी कोसळली आणि प्रमुख दुबईला निघून गेला. जुलैत तो परतल्यावर दिल्लीत पकडला गेला. त्याच्यामागे ना रिझर्व्ह बँक होती, ना ठेव विमा. होते फक्त एक पवित्र नाव. आपल्याकडे व्याजमुक्त बँकेची रीतसर सोय असती तर एवढी माणसे तिकडे वळली नसती, असे मला राहून राहून वाटते. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये तशी शिफारस केली होती, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. मलेशियात ताबुंग हाजी ही संस्था १९६३ पासून हजसाठीची बचत व्याजाविना सांभाळते. खालांसारख्यांना नेमके तेच हवे असते.

घरात ठेवायचे म्हटले तर चोरीची भीती. शिवाय नोव्हेंबर २०१६ मध्ये तांदळाच्या डब्यातून निघालेल्या पाचशेच्या नोटा घेऊन याच खाला माझ्याबरोबर रांगेत उभ्या होत्या.

शेवटी आम्ही दोघींनी वहीत आकडे मांडले. तीन वेगळ्या बँका, तिन्ही विम्याखालच्या. प्रत्येकीत साडेचार लाख, बचत खात्यात. पन्नास हजार हाताशी. तिन्ही ठिकाणी वारस म्हणून मुलीचे नाव. बचत खात्यावर जे थोडे व्याज जमेल ते मौलानांच्या सांगण्याप्रमाणे सवाबची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकायचे. त्यासाठी खालांनी वहीत वेगळे पान केले. महागाईने चौदा लाखांची किंमत दोन वर्षांत कमी होईल, हेही मी त्यांना सांगितले. "होऊ दे," त्या म्हणाल्या. "सोयाबीनला भाव मिळाला नाही तेव्हाही आम्ही जगलोच की."

तिन्ही खाती उघडायला चार फेऱ्या झाल्या. एका शाखेत अर्जावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळेना: एकीकडे 'बी', दुसरीकडे 'बानो'. ते दुरुस्त करायला तीन आठवडे गेले. परवा नवे पासबुक आले. खालांनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले, पहिल्या पानावरच्या बारीक अक्षरांसकट.