डबा घेण्याआधी गाडी बघा

नळदुर्गात माझं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान आहे. हल्ली हॉटेलवाले, मंगल कार्यालयवाले येतात आणि मोबाइलवरचा फोटो पुढं करतात, "असला चाकांचा डबा पायजे." मी विचारतो, "तुमच्याकडं कचऱ्याची गाडी कोणती येती?"

फोटो बहुधा अमेरिकेतला असतो. तिथं गाडीचा यांत्रिक हात बाहेर येतो, डब्याच्या पोटाला विळखा घालतो आणि कचरा वरून ओततो. ड्रायव्हर खालीसुद्धा उतरत नाही. त्या हाताला दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते. आमच्या बाजारपेठेत डब्याशेजारी मोटारसायकल उभी नाही, असा दिवस दाखवा.

मुंबई-पुण्यातल्या कचरा दाबणाऱ्या कॉम्पॅक्टरची तऱ्हा वेगळी. त्याच्या मागच्या कंगव्यासारख्या पट्टीचे दात डब्याच्या पुढच्या ओठाखाली शिरतात. तो ओठ जाड नि सरळ नसला तर डबा निसटतो, नाहीतर फाटतो. म्हणून ईएन 840 या युरोपीय मानकाचा डबा मागावा. झाकणाची बिजागरी चाकांच्या बाजूला हवी, म्हणजे डबा पालथा होताना झाकण आपसूक उघडतं. डुकरं-कुत्री येतात म्हणून लोक झाकण तारेनं बांधतात. मग यंत्रानं काय करावं?

वजनाकडं तर कुणी बघतच नाही. 240 लिटरच्या डब्यात मानकाप्रमाणं साधारण 96 किलो माल चालतो. खरकटं, भाजीचा पाला, मैलारपूरच्या खंडोबाच्या यात्रेतले हार-नारळ गच्च भरले, की ती हद्द सहज ओलांडली जाते. सुका कचरा तेवढाच भरा, वजन निम्मंही भरत नाही. म्हणून ओल्याला लहान हिरवा आणि सुक्याला मोठा निळा, असं मी सांगतो. दोन सारखे डबे जोडीनं छान दिसतात, एवढंच.

आणि घरापुढं छोटी घंटागाडी येत असेल, कामगार हातानं ओतत असेल, तर चाकांचा डबा घेऊच नका. 240 लिटरचा डबा रिकामाच बारा-तेरा किलोचा. भरलेला खांद्यापर्यंत कोण उचलणार? पंचवीस-तीस लिटरचा, कान पक्के असलेला घ्या. बुडाशी बोट दाबून बघा. दबला तर ठेवून द्या, आमच्या उन्हात तो पुढच्या मे महिन्यापर्यंत तडकेल. चुलीतली गरम राख मात्र कुठल्याच प्लास्टिकमध्ये टाकू नका. त्याला जुनी पत्र्याची बादली बरी, ती माझ्याकडं मिळत नाही.